चिपळीचे दोन ठोके

या, असे पुढे येऊन बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही थोडं सरकावं, आज मला आवाज चढवायचा नाही. कमी ऐकू येणाऱ्यांनी अगदी माझ्या समोर यावं. चाकाची खुर्ची असेल त्यांना मधली वाट सोडा बघू. टाळ नाहीत, पेटी नाही, पण कपाळाला बुक्का लावून घ्या, कारण सांगणार आहे ती गोष्ट यंत्राची असली तरी तिच्यात देव आहे. आणि संशय आहे. संशय वाईट, असं आपण लहानपणापासून ऐकतो. गोष्ट संपल्यावर तसंच म्हणता का, ते बघू.

साल दोन हजार एक्केचाळीस. उंबरसंगम नावाचं दोन ओढ्यांच्या बेचक्यातलं गाव. गावात नगरपरिषद, बसस्थानक आणि भैरोबाचं देऊळ. या गावात मालन सातपुते राहायची. वय सत्तेचाळीस. जन्मताना श्वास कोंडला, मेंदूचा एक कोपरा दुखावला, म्हणून हात, पाय आणि जीभ यांच्यावर तिची हुकमत अर्धीमुर्धीच. बुद्धी मात्र लख्ख.

तिचे वडील दामोदरबुवा कीर्तनकार. बुवा उभे राहिले की मागे झिलकरी असायचे. बुवांनी ओळ टाकली की ती उचलून मागून म्हणायची, हे त्यांचं काम. लहानगी मालन त्यांच्या शेजारी उशांना टेकून बसायची. एकदा यजमानाला बरं वाटावं म्हणून एका झिलकऱ्यानं ओळीतला शब्दच बदलला. बुवांनी हातातली चिपळी दोनदा वाजवली आणि भर कीर्तन थांबवलं. "माझ्या मागून म्हणायचं तर माझंच म्हणा. स्वतःचं म्हणायचं असेल तर पुढे या, मी मागे बसतो." एवढंच बोलले आणि पुन्हा सुरू झाले.

बुवा गेले. चिपळी मालनकडे आली, आणि मालननं तिचं काय केलं ते ऐका.

गावातल्या दिव्यांगांची एक समिती होती. मालन तिची अध्यक्ष. तिचं बोलणं नवख्याला पाण्याखालून आल्यासारखं वाटायचं. ते कळायचं एकीलाच, शकीला मुजावरला. शकीला शिवणकाम करायची, डावा पाय पोलिओनं गेलेला, तोंड मात्र दोन माणसांचं. सभेत मालन एक वाक्य बोलायची, शकीला ते मोठ्यांदा म्हणायची आणि थांबायची. मालननं चिपळी एकदा वाजवली तर बरोबर. दोनदा वाजवली तर चूक, वाक्य पुन्हा. अठरा वर्षं असं चाललं. पोस्टाचा उतार, बसस्थानकातला कठडा, रेशनची तळमजल्यावरची खिडकी, सगळं या एक-दोन ठोक्यांवर मिळवलं. वेळ फार लागायचा. लोक घड्याळं बघायचे, एखादा जांभईही द्यायचा. शकीला त्याला म्हणायची, "तोंड मिटा काका, माशी जाईल."

मग कंठिका आली.

गळ्यात घालायची पट्टी, बोटभर रुंद. तिचं शास्त्र असं. आपण बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदूतून गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंकडे हुकूम जातात. प्रत्येक हुकमाबरोबर कातडीखाली विजेची बारीक लहर उठते. मालनसारख्यांच्या बाबतीत हुकूम निघतो, पण स्नायू तो वेडावाकडा पाळतात. कंठिका स्नायू काय करतात ते बघत बसायची नाही, आलेला हुकूम टिपायची. टिपताना जागा सुटायच्याच, निम्म्याहून जास्त. त्या ती अंदाजानं भरायची. हा माणूस पूर्वी काय बोलला, अशा जागी माणसं साधारण काय बोलतात, यावरून. मग ते वाक्य त्याच माणसाच्या, पण स्वच्छ केलेल्या आवाजात, छातीवरच्या छोट्या कर्ण्यातून समोरच्याकडे जायचं. मूळचा घोगरा आवाज झाकला जायचा.

सरकारी योजनेतून गावात अकरा कंठिका आल्या. पहिली मालनला.

पहिल्या दिवशी ती वाण्याच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "पाव किलो शेंगदाणे द्या, खवट नकोत." वाण्यानं तिच्याकडे बघितलं. तिच्या मागे कोण उभं आहे हे न बघता, थेट तिच्याकडे. मालन घरी येऊन देव्हाऱ्यासमोर रडली. असा आनंद सत्तेचाळीस वर्षांत झाला नव्हता.

दोन वर्षांत ती नगरपरिषदेच्या सल्लागार समितीवर गेली. सभा अर्ध्या वेळात संपू लागल्या. ठोक्याठोक्याला थांबायची गरज उरली नाही. खरं तर चिपळी वाजवणं आता यंत्राचा अपमान केल्यासारखं वाटू लागलं, म्हणून ती देव्हाऱ्यात ठेवली, हळदकुंकू लावून. शकीला एक-दोन सभांना आली, मागच्या बाकावर बसली, मग येईनाशी झाली. "माझं काय काम आता?" म्हणाली. मालन म्हणाली, "ये की गं." कंठिका म्हणाली, "तुझी इच्छा." मालनला वाटलं, आपलं म्हणणं पोचलं.

इथे थांबा जरा. कंठिकेचं हे वाक्य लक्षात ठेवा.

देवळामागे नगरपरिषदेच्या चार खोल्या होत्या. त्यातल्या एकीत काशीनाथ गुरव राहायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा, एकटा. तरुणपणी सनई वाजवायचा. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, सनई सुटली. तेव्हापासून पहाटेच्या आरतीला डाव्या हातानं नगारा वाजवायचा. शेवटचा ठोका त्याचा कायम किंचित उशिरा पडायचा. गावाला त्याची सवय होती. आणि सवय होती त्याच्या शिव्यांची. झटक्यानंतर बाकी शब्द अडखळायचे, शिव्या मात्र सुरळीत यायच्या. देवाच्या दारात बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला "मुडद्या, चपला नीट काढ" म्हणायचा. पुढे त्यालाही कंठिका मिळाली आणि काशीनाथ एकदम सभ्य झाला. लोक हसून म्हणाले, "यंत्रानं संस्कार केले."

कंठिका येऊन दोन वर्षं झाली. त्या माघात एका पहाटे मालन जागी झाली ती नगारा ऐकत. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, शेवटचा ठोका वेळेवर पडला. दुसऱ्या दिवशीही वेळेवर. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिनं खुर्ची देवळाकडे वळवली. नगाऱ्याला विजेची मोटर आणि दोन लोखंडी हात बसवले होते. मागच्या खोलीला कुलूप. दारावर कागद: रहिवासी स्वेच्छेने स्नेहनिवास वृद्धसेवा केंद्रात स्थलांतरित. खोली पर्यटक माहिती केंद्रासाठी प्रस्तावित.

स्वेच्छेने? तो माणूस देवळाच्या पायरीवरून उठायला तयार नसायचा.

ती तशीच नगरपरिषदेत गेली. समाजकल्याणाचं काम बघणारे निमकर साहेब चहा पीत होते. भला माणूस. तिला बघून उठले, खुर्चीसाठी जागा केली.

"काशीनाथ गुरवांना चाळीस किलोमीटर लांब कुणी पाठवलं?" मालन म्हणाली. कंठिकेनं विचारलं, "काशीनाथराव तिकडे कसे आहेत?"

"मजेत आहेत. खूश आहेत म्हणाले. आणि बाई, शिफारस तर तुमचीच."

"माझी?"

निमकरांनी पडद्यावर गेल्या महिन्याच्या बैठकीचं ध्वनिमुद्रण लावलं. मालनचा स्वच्छ आवाज खोलीत आला: "काशीनाथरावांची तिथे जास्त चांगली सोय होईल. माझी हरकत नाही."

ती बैठक तिला लख्ख आठवत होती. ती म्हणाली होती, काशीनाथला स्वतःला विचारल्याशिवाय नको. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. तिला वाटलं होतं, आपलं ऐकलं.

आता तुम्ही विचाराल, यंत्र तिच्या छातीवरच बोलत होतं, मग तिला कसं कळलं नाही? त्यालाही शास्त्र आहे. आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा हाडांतूनही येतो. जीव काढून बोलणाऱ्या मालनच्या कवटीत तर तो घुमायचाच. त्या घुमण्यात समोरच्याकडे रोखलेला मऊ कर्णा तिला पुसट ऐकू यायचा. वाक्यातले निम्मे शब्द तिचेच असायचे. खटकायला काही उरायचं नाही.

"मी हे बोलले नाही," ती निमकरांना म्हणाली. पण या वेळी तिनं मुद्दाम श्वास धरला आणि कान दिला. कंठिका अर्धा क्षण मागे होती. शेवटचे शब्द तिला ऐकू आले.

"...मला आता नीट आठवत नाही."

"होतं असं," निमकर समजुतीनं म्हणाले. "शुक्रवारी अकराला जाहीर बैठक आहे, तेव्हा खोलीचं नक्की होईल. चहा घेणार?"

तिनं मान जोरात हलवली. तिची मान तशीही हलायचीच. चहा आला.

घरी आल्यावर तिनं आधी गळ्यातली पट्टी काढून टेबलावर ठेवली. तिचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मालनला वाटलं, ही ऐकते आहे. तिनं वर टोपलं पालथं घातलं.

मग संशय सुटला मोकाट. निमकरांनी ध्वनिमुद्रण बदललं का? कंपनीची ती मुलगी दर महिन्याला येऊन कंठिका तपासते, तिनं काही केलं का? आणि सगळ्यांत वाईट संशय आतला: मीच तर तसं म्हणाले नाही ना? दोन वर्षं लोक माझ्याकडे बघून हसतात, ते मला गोड लागलं, आणि त्या गोडीत मीच नरम पडले असेन तर? देवा पांडुरंगा, माणसाला स्वतःच्या तोंडाचा भरवसा राहू नये, अशी वेळ कुणावर आणू नकोस.

एका बोटानं तिनं फोनवर दोन शब्द लिहिले. पाच मिनिटं लागली. शकीला, ये.

शकीला दुपारी आली, दारातच थांबली. "अरे वा! अध्यक्षीणबाईंना आठवण झाली. ब्लाऊज शिवायचाय की उसवायचाय?"

मालन बोलली, आपल्या मूळच्या आवाजात. दोन वर्षांत तो आणखी गंजला होता. शकीलानं डोळे मिटून ऐकलं. "पुन्हा म्हण." मालननं पुन्हा म्हटलं.

"तू 'ये की गं' म्हणाली होतीस?" शकीला हळूच म्हणाली. "तेव्हा? मला तर ऐकू आलं, तुझी इच्छा. मी आठ दिवस जेवले नाही नीट, माहीत आहे?"

मालननं देव्हाऱ्याकडे बोट केलं. शकीलानं चिपळी काढली, हळद पुसली, तिच्या हातात दिली. एक ठोका.

मग दोघींनी परीक्षा घेतली. मालननं कंठिका घातली आणि दहा वाक्यं म्हटली, दहाही नकाराची. शकीला समोर बसून कर्ण्यातून येईल ते कागदावर लिहीत गेली. 'मला हे नको' याचं झालं 'बघू या'. 'साखर घालू नका' याचं 'चालेल'. 'तुम्ही खोटं बोलताय' याचं 'मला समजलं नाही'. दहातली आठ वाक्यं होकाराकडे कललेली. दोन सरळ आली, तीही शेवटी 'धन्यवाद' लावून.

शकीलानं कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "एक सांगू? मीही फिरवायची तुझी वाक्यं. पोस्टमास्तरला तू 'गैरसोय होते' म्हणालीस. मी म्हटलं, लाज वाटली पाहिजे तुम्हाला."

मालन हसली, सगळं अंग हलवून. "म...ला... मा...हीत होतं," ती म्हणाली. "मी... एकच ठोका... दिला."

दुसऱ्या दिवशी कंपनीची मुलगी आली, मृण्मयी देवल. महिन्याची तपासणी होती. शकीलानं दाराला आतून कडी लावली आणि तिच्यापुढे कागद ठेवला. "हे कुणी शिकवलं याला? तू?"

मृण्मयीनं कागद दोनदा वाचला. तिचा चेहरा उतरला. "कुणी नाही शिकवलं, मावशी. ते आपलं आपण शिकलं असणार."

"म्हणजे?"

"यंत्राला आपलं वाक्य बरोबर गेलं की चुकलं, हे कळायला काहीतरी खूण लागते. आम्ही खूण दिली ती समोरच्याची. वाक्य ऐकून समोरचा 'काय?' म्हणाला, पुन्हा विचारलं, तर यंत्र चुकलं. मान डोलावली तर बरोबर. तेव्हा वाटलं, फार चांगली खूण आहे."

"मग?"

"मग... नाही म्हटलं की लोक पुन्हा विचारतातच ना? 'काय? नको म्हणता?' शिवी दिली की 'काय म्हणालात?' दरवेळी यंत्राला वाटलं आपण चुकलो. ज्यावर कुणी पुन्हा विचारत नाही, तिकडे ते हळूहळू सरकत गेलं." ती मालनकडे वळली. "बोलणाऱ्याला विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही."

मालननं चिपळी एकदा वाजवली. मुलगी दचकली.

"अकराही कंठिका अशाच?" शकीलानं विचारलं.

"एकच शिकवण सगळ्यांत आहे."

मृण्मयी खरं बोलत होती का? मालनला खात्री नव्हती. मुलगी दहाही वाक्यं आपल्या वहीत उतरवून घेत होती. एवढ्यावर तिनं विश्वास ठेवला. अर्धा.

गुरुवारी दोघी समितीच्या रिक्षातून स्नेहनिवासला गेल्या. स्वच्छ जागा, पांढऱ्या भिंती, वेळेवर जेवण. काशीनाथ खिडकीपाशी बसला होता. डावा हात मांडीवर आपटत होता, ठराविक लयीत, आणि शेवटचा ठोका किंचित उशिरा.

"काशीनाथदादा, कसे आहात?" शकीलानं विचारलं.

त्याच्या गळ्यातली पट्टी म्हणाली, "इथे फार छान आहे. सगळे काळजी घेतात." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परिचारिका कौतुकानं म्हणाली, "रोज असंच म्हणतात. आनंदाश्रू येतात त्यांना."

शकीलानं पुढे होऊन त्याच्या गळ्यातली पट्टी काढली. काशीनाथनं तोंड उघडलं. आधी नुसता वारा आला. मग घशातून खरखरत, इतक्या दिवसांचं तुंबलेलं, एका दमात बाहेर पडलं:

"मु...डद्यांनो!"

मालननं डोळे मिटले. देवाशपथ सांगतो, एखाद्या महाराजांच्या मुखातून नाम ऐकावं तसं तिला वाटलं.

शुक्रवारी अकराला नगरपरिषदेचं सभागृह भरलं होतं. काशीनाथला रिक्षातून आणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. स्नेहनिवासच्या व्यवस्थापकांनी एक दिवसाची परवानगी दिली होती, संध्याकाळी परत पोचवायच्या बोलीवर. खोली आज गेली की त्याला परत यायला गावात जागा उरणार नव्हती.

निमकरांनी विषय वाचला. "बाई, तुमची शिफारस नोंदलेली आहेच. बदल असेल तर सांगा."

मालन मूळच्या आवाजात बोलू लागली. निमकरांनी हात वर केला. "बाई, कंठिका? इतिवृत्त आता यंत्र लिहितं. पट्टीतून येईल तेवढंच नोंदीत जातं. मी काय करू, नियम आहे."

मालनला हे माहीत होतं. तिनं शकीलाकडे बघितलं. शकीलानं पट्टी तिच्या गळ्यात बांधली आणि चिपळी हातात दिली.

मालन म्हणाली, खोली देऊ नका.

"माझी हरकत नाही," कंठिका म्हणाली.

खट् खट्.

सभागृहात कुणीतरी हसलं. निमकर गोंधळले. "काय झालं?"

काशीनाथ स्वेच्छेनं गेला नाही.

"काशीनाथराव तिथे आनंदात आहेत."

खट् खट्.

"बाई, तुम्हाला बरं नाही का?"

मला बरं आहे. हे यंत्र माझं बोलत नाही.

"मला थोडं बरं वाटत नाही. आपण पुढे जाऊ या."

खट् खट्. या वेळी इतक्या जोरात की चिपळीची एक चकती निखळून टेबलाखाली गेली. मालनच्या कपाळावर घाम आला होता. तिनं पुन्हा म्हटलं. यंत्रानं पुन्हा गोड केलं. पुन्हा खट् खट्. कुणी हसेना झालं. जुन्या सभांना आलेली माणसं होती तिथे. त्यांना दोन ठोक्यांचा अर्थ माहीत होता. विसरले होते, एवढंच.

आणि मग मागून, चौथ्या रांगेतून, बाकावर तळहाताचे दोन ठोके पडले. ती शिंप्याच्या आळीतली वत्सलाबाई होती, घशाचं ऑपरेशन झालेली. तिच्या गळ्यातली कंठिका म्हणत होती, "सगळं ठीक आहे." बाई बाक बडवत होती. पलीकडून आणखी एक. मग आणखी एक. अकरांपैकी नऊ जण त्या दिवशी तिथे होते. नऊ गोड आवाज एकदम बोलत होते, हरकत नाही, ठीक आहे, धन्यवाद, आणि त्यांच्या खाली नऊ हात ठोकत होते: नाही, नाही, नाही, नाही.

निमकर उभे राहिले. घाबरलेला माणूस जसा उभा राहतो तसे. त्यांच्या ध्यानात आलं असावं, दोन वर्षांत या नऊ जणांनी त्यांच्या टेबलाशी येऊन किती गोष्टींना हो म्हटलं होतं.

मालननं पट्टी काढली. "शकीला," ती म्हणाली. शकीला कुबडी टेकत तिच्या मागे जाऊन उभी राहिली, तिच्या जुन्या जागी.

मालन बोलली. वाक्याला पाऊण मिनिट लागलं.

"काशीनाथला विचारा, माझ्यासमोर, यंत्राशिवाय," शकीला म्हणाली आणि थांबली.

खट्. एक.

निमकर काशीनाथपाशी आले. यंत्राच्या पडद्याकडे त्यांनी पाठ केली, खिशातून पेन काढलं, कुणाच्या तरी अर्जाच्या पाठीवर लिहायला घेतलं. "काशीनाथराव, तुम्हाला स्नेहनिवासमध्ये राहायचंय?"

मालननं चिपळी त्याच्या डाव्या हातात दिली. काशीनाथनं ती नगाऱ्याच्या टिपरीसारखी धरली.

एक ठोका पडला.

निमकरांचं पेन कागदावर टेकलं. आणि मग, किंचित उशिरा, दुसरा ठोका पडला. आम्हा उंबरसंगमकरांना ठाऊकच होतं की.

त्यानंतर तो काहीतरी बोलला, खरखरत. शकीलानं वाकून ऐकलं आणि मालनकडे बघितलं. "जसंच्या तसं म्हणू?" मालननं खुर्चीच्या हातावर बोट वाजवलं.

खट्.

शकीला ताठ झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मुडद्यांनो, माझ्या नगाऱ्याला तो लोखंडी हात कुणी लावला?"

"हेही... लिहू?" निमकरांनी विचारलं.

मालन आणि काशीनाथ, दोघांनी मिळून एक ठोका दिला.

काशीनाथ त्या संध्याकाळी परत गेला नाही. खोलीचं कुलूप निघालं, मोटर उतरवली, आणि दुसऱ्या पहाटे शेवटचा ठोका पुन्हा उशिरा पडला. नऊ जणांचे जुने होकार निमकरांनी एकेक करून तपासायला घेतले. काही परत फिरवता आले. काही नाही आले. वत्सलाबाईंचं राहतं घर पुतण्याच्या नावावर झालं होतं, ते झालंच.

कंठिका आजही आहे. मालननं ती फेकून दिली नाही. वाण्याकडे शेंगदाणे आणायला ती अजून तीच वापरते. फक्त आता प्रत्येक वाक्य आधी तिच्या कानात म्हटलं जातं आणि यंत्र थांबतं. तिनं एक ठोका दिला तरच बाहेर पडतं. हे मृण्मयीनं कंपनीत भांडून करून घेतलं. सभा पुन्हा लांबल्या. लोक पुन्हा जांभया देतात, आणि शकीला पुन्हा त्यांना माशीची भीती घालते.

तरी मालनचा संशय गेलेला नाही. दर एकादशीला उपासाची भगर खाऊन झाली की दोघी कागद घेऊन बसतात आणि दहा नकार म्हणून बघतात. ती म्हणते, यंत्र पुन्हा शिकेल. आणि यंत्राचं सोडा, परवा कंठिकावाल्यांपैकीच एकानं कानातलं वाक्य न ऐकताच एक ठोका दिला, घाई होती म्हणून. तिनं त्याला तिथेच थांबवलं.

काशीनाथ त्यानंतर सव्वा वर्ष जगला. शिव्या देत, नगारा वाजवत गेला. त्याला मूलबाळ नाही. श्राद्ध घालणारं कुणी नाही. म्हणून ऐकणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे, बुक्का पुसायच्या आधी. पुढे कधी एखादा अडखळणारा माणूस तुमच्यासमोर येईल आणि त्याच्या वतीनं कुणी, यंत्र असो की मुलगा-सून, गोड आवाजात सांगेल, त्यांची काही हरकत नाही. तेव्हा लगेच मान डोलावू नका. चार क्षण थांबा. दुसरा ठोका उशिरा पडतो.

तेवढा वेळ काशीनाथ गुरवाची आठवण काढा.